कमी पैशांत डेस्कटॉप: आधी जुनं मशीन कुठे अडतंय ते बघा, मग टिळक रोड गाठा

"मामा, आय७ आहे, सोळा जीबी रॅम आहे, आणि सोळा हजारांत देतोय. घेऊन टाकू का?"

भाचा पुण्यात टिळक रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून फोन करत होता. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, आजीनं दिलेले पैसे खिशात, म्हणजे घाई असणारच. मी म्हटलं, "आय७ च्या पुढचा आकडा वाच."

"सव्वीसशे."

"२०११ सालचा आहे तो. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. घरी ये, मग बोलू."

इंटेलचा आय७-२६०० हा त्याच्या काळात उत्तम प्रोसेसर होता, यात वाद नाही. पण तो डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमवर चालतो, त्याचा सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) केव्हाच बंद झाला, आणि त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. २०२२ चा साधा आय३-१२१०० घेतला तर कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) तेवढेच, चार, पण एकेका कोअरचा वेग जवळपास दुप्पट. तेव्हा 'आय५', 'आय७' ही पाटी वाचून काही ठरवू नका. त्यापुढच्या आकड्याची सुरुवात बघा: २६०० म्हणजे दुसरी पिढी, ४५९० म्हणजे चौथी, १२१०० म्हणजे बारावी. स्वस्तातले 'फुल सेट' बहुतेक या जुन्या पिढ्यांवरच उभे असतात. बोर्ड नवा कोरा, कॅबिनेटला रंगीत दिवे, आणि आत दशकभर कुठल्या तरी ऑफिसात राबलेला प्रोसेसर.

नवं घ्यायच्या आधी

भाच्याचं मशीन जुळवलं त्याच महिन्यात शनिवार पेठेतल्या एका काकूंचं मशीनही हातात आलं. त्या घरून डीटीपी करतात. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, एखाद्या संस्थेचा अहवाल. तक्रार एकच: "चहा ठेवते, चहा पिऊन होतो, तरी हे अजून गोल गोल फिरतंच असतं." आत चौथ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. काकूंनी नव्या मशीनचं कोटेशनही आणून ठेवलं होतं.

अशा वेळी पहिलं काम फुकटातलं. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर पाच मिनिटं नजर ठेवा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर हार्ड डिस्क बदलायला झाली आहे. मेमरी ९० च्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयू पूर्ण भरलेला आणि बाकीचं निवांत असेल, तरच प्रोसेसरकडे बघायचं. काकूंच्या मशीनमध्ये डिस्कची रेघ छताला चिकटली होती, प्रोसेसर मात्र वीस टक्क्यांवर आराम करत होता.

हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, पण चालू होताना विंडोजला हजारो बारीक फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, आणि प्रत्येक फायलीसाठी डिस्कचं टोक जागचं हलवावं लागतं. सगळा वेळ तिथे जातो. एसएसडी म्हणजे चिपांवर फायली साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काहीच नाही. काकूंच्या मशीनला एक साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी, एसएसडी लावली, जुनी डिस्क फायली ठेवायला आतच राहू दिली. आता चहा ठेवायला उठायच्या आत मशीन तयार असतं.

रॅम मात्र मी नवी घेऊ दिली नाही. जुन्या मशीनवर पैसे घालताना मी एकच विचारतो: ही वस्तू पुढच्या मशीनला लागेल का? एसएसडी लागेल. चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, सगळं लागेल. डीडीआर३ रॅम लागणार नाही. ती एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून वापरलेली, चार जीबीची एक कांडी आणली आणि काम भागवलं.

एक अडचण उरतेच. विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतच्या मशीनवर बँकेचे व्यवहार करत राहणं शहाणपणाचं नाही. फक्त ब्राउझर, मेल आणि लिखाण असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, जुनं मशीन मजेत चालतं आणि मराठी युनिकोड टायपिंगही होतं. काकूंचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, म्हणून ते मशीन नेटवरून काढलं. मेल-बँक मोबाइलवर, फायली पेन ड्राइव्हवर. दोन वर्षं निघतील.

प्रोसेसर आणि बोर्ड: जोडी एकदमच ठरवा

भाच्याकडे जुनं काहीच नव्हतं. त्याच्यासाठी वाटा तीन होत्या.

पहिली, एएमडीचा एएम४ सॉकेट. त्यावर रायझन ५ ५६००जी: सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ६५ वॅट, आणि आत बऱ्यापैकी ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग. वेगळं कार्ड न घेता कोडिंग, थोडं कॅड, हलके गेम होतात. बोर्ड स्वस्त, रॅम डीडीआर४. सॉकेट जुना झाला, म्हणजे पुढे नवे मोठे प्रोसेसर त्यावर येणार नाहीत, पण कमी बजेटवाला माणूस दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलत नसतो.

दुसरी, इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट. त्यावर बारावी, तेरावी, चौदावी पिढी बसते. आय३-१२१०० अभ्यासाला आणि ऑफिसला भरपूर, आय५-१२४०० सहा कोअरचा. या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे मिळतात, नाव जवळपास सारखंच असतं. खोक्यावर नीट वाचा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, चुकीची कांडी बसतच नाही. बसत नाही म्हणून जोर लावणारे मी पाहिलेत.

तिसरी, एएम५. फक्त डीडीआर५. पुढे वाढवायला सगळ्यात जास्त वाव, पण बोर्ड आणि रॅम दोन्ही महाग. आज थोडं घेऊन तीन वर्षांनी जोरदार प्रोसेसर टाकायचा असा खरोखर बेत असेल तरच.

इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. १२४००एफ थोडा स्वस्त दिसतो, लोक खुशीत घरी आणतात, आणि मग स्क्रीन काळी. कार्ड घेणार नसाल तर एफकडे फिरकू नका. एएमडीत उलटं आहे: एएम४ मध्ये नावात 'जी' असेल तरच आत ग्राफिक्स. साध्या ५६०० ला कार्ड लागतंच.

बोर्ड कितीचा घ्यायचा? या प्रोसेसरांपैकी एएम४ वाल्याला ए५२० किंवा बी५५०, आणि इंटेलला एच६१० पुरतो. एच६१० आणि बऱ्याच ए५२० बोर्डांवर रॅमचे दोनच स्लॉट असतात, हे ध्यानात ठेवून रॅम घ्या. बी४५० चा जुना माल पडून असेल आणि स्वस्तात मिळत असेल, तर रायझन ५००० मालिकेसाठी बायोस (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्या असं दुकानातच सांगा. नाहीतर सगळं जोडून झाल्यावर डिस्प्ले येणार नाही आणि दोष कुणाचा यावर वाद सुरू होईल.

भाच्यासाठी ५६००जी ठरला.

रॅम आणि एसएसडी

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव झपाट्यानं चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं लक्ष एआयच्या डेटासेंटरांकडे वळलं. एसएसडीलाही त्याची झळ लागली. आज लिहिलेला आकडा महिन्याभरात खोटा ठरेल. पण यातून एक व्यवहारी गोष्ट निघते: घरातल्या बंद मशीनमध्ये डीडीआर४ ची कांडी असेल तर ती भंगारात देऊ नका. सहाव्या ते दहाव्या पिढीच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ती असते आणि एएम४ बोर्डवर चालते.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सोळाची एक कांडी घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा आणि वेग उचलतं. एका कांडीवर त्याला एकच रस्ता मिळतो, दोन लावल्या की दोन. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करायला विसरू नका. ते बंद राहिलं तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वर रेंगाळत राहते, आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

एसएसडीबद्दल थोडक्यात. साटा सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (बोर्डाशी जास्त वेगानं बोलणारी एसएसडी) साडेतीन हजारांपर्यंत. रोजच्या कामात हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जो धक्का बसतो, तो साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बसत नाही. भाव सारखाच असेल तर एनव्हीएमई घ्या, इतकंच. एम.२ आकाराच्या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, बोर्डाच्या पुस्तिकेत कुठला चालतो ते बघून घ्या. आणि कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची एक टीबी अर्ध्या भावात मिळत असेल तर ती तिथेच राहू द्या.

एसएमपीएस: इथे हात आखडू नका

कोटेशनमध्ये सगळ्यात खालच्या ओळीत एसएमपीएस असतो, आणि घासाघीस सुरू झाली की पहिला कापला जातो तोही हाच. 'कॅबिनेटबरोबर फ्री' असंही सांगतात. असा फुकटचा एक डबा भाच्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्याला लेबल वाचायला लावलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर.

"गुणाकार कर."

"एकशे ऐंशी."

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणजे वर काहीही छापलेलं असो, आपल्या कामाचा तो डबा १८० वॅटचा. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टचा आकडा पस्तीसच्या आसपास किंवा पुढे असतो. हातात घेऊन बघितलं तरी कळतं, स्वस्तातला हलका लागतो. आतले फिल्टरचे आणि संरक्षणाचे भाग गाळलेले असतात, तारा बारीक. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने दिसतात, त्यांची सरळ बेरीज करू नका, एकत्रित मर्यादा वेगळी छापलेली असते.

८० प्लस ब्राँझ म्हणजे विजेची बचत किती त्याचं प्रमाणपत्र, टिकाऊपणाचं नव्हे. तरी ते खरं असेल तर अगदी टाकाऊ माल चाळणीत अडकतो. त्याबरोबर तीन ते पाच वर्षांची वॉरंटी बघा. माझा साधा हिशेब: मॉनिटर सोडून जे बजेट असेल त्याचा दहावा हिस्सा एसएमपीएसला. कार्ड नसलेलं ५६००जी मशीन पूर्ण ताणावरही दीडशे वॅटच्या आत राहतं, तेव्हा चांगला ४५० पुरून उरतो, आणि पुढे कार्ड टाकायला वाव राहतो.

भिंतीतली तार

पेठेतल्या जुन्या वाड्यात, किंवा तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत राहत असाल तर हा भाग वगळू नका. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर पेटतो, आणि लोक म्हणतात एसएमपीएस खराब. बहुतेकदा तो बिचारा निर्दोष असतो. त्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, विजेतली खरखर गाळायला. अर्थिंग असेल तर तिकडून येणारा अगदी किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, एकशे दहा-पंधराच्या आसपास, तरंगत राहते. झटका मोठा नसतो, पण यूएसबी पोर्ट आणि मॉनिटरची केबल यांना तो मानवत नाही.

वायरमनला बोलावून मीटरनं मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि कुणी "काका, अर्थ न्यूट्रललाच लूप करून देतो" म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या सर्किटची न्यूट्रल कुठे तुटली तर कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट फेज येते.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात मशीन आणि मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॅट ओढत असतील तर नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं. गुरुवारच्या विजेच्या शटडाउनला दिवसभर काम करायचं साधन ते नव्हे, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला आहे. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नका.

ग्राफिक्स कार्ड, घ्यायचंच असेल तर

भाच्याला घेऊ दिलं नाही. सहा महिने आतल्या ग्राफिक्सवर काढ, गरज पडली तर बघू. ज्यांना हवंच आहे त्यांच्यासाठी: आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं रूप ७० वॅटमध्ये चालतं, त्याला सहसा वेगळी तार लागत नाही, म्हणून जुन्या मशीनला सोयीचं. आरएक्स ६६०० त्यापेक्षा बरंच दमदार, आठ जीबीचं, १३२ वॅट ओढतं आणि आठ पिनांची तार मागतं. जीटी ७१० किंवा ७३० गेमसाठी घेऊ नका, ५६००जीचं आतलं ग्राफिक्स त्याच्या पुढे आहे.

वापरलेलं कार्ड घेताना दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी लावून दाखवायला सांगा, आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून नाव तपासा. जुन्या चिपवर नव्या नावाचा बायोस चढवलेली कार्डं फिरत असतात. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मी हौसेनं चक्कर मारतो, केबल, स्क्रू, जुने पंखे आणतो. कार्ड किंवा डिस्क तिथून कधी आणत नाही.

ऑफिसातून निघालेले मोठ्या कंपन्यांचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप हा मात्र चांगला पर्याय आहे. आठव्या पिढीपासून पुढचा असेल तर नुसत्या कामासाठी नव्या जुळवणीपेक्षा स्वस्त पडतो. अट एवढीच की त्यातल्या कित्येकांचे एसएमपीएस आणि बोर्ड नेहमीच्या मापाचे नसतात. बिघडला तर बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, आणि बुटक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही.

कॅबिनेटवर फार वेळ घालवू नका. पुढून जाळी, किमान दोन पंखे, तळाला धूळ अडवणारा फिल्टर. पुढे बंद काच असलेली सुंदर कॅबिनेटं एप्रिल-मेच्या पुण्यात आतल्या आत भाजतात.

खरेदी

टिळक रोडवर तीन दुकानांतून छापील कोटेशन घ्या, प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल लिहून. '५०० जीबी एसएसडी' असं मोघम नको. ऑनलाइन भाव बघा, पण पाच-सातशेच्या फरकासाठी जवळचं दुकान सोडू नका. वॉरंटीला कुरिअर करत बसण्यापेक्षा ते परवडतं. वायर, अडॉप्टर, बारीकसारीक मालासाठी तपकीर गल्ली.

पक्कं बिलच घ्या, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून कुरकुरू नका, आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर खोक्यातलाच. सुटा, ट्रेमधला असेल तर कूलर मिळत नाही आणि वॉरंटी वेगळी असते.

जुळवताना

दुकानदार जुळवून देतो, पण एकदा स्वतः करून बघाच. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी त्याच्या खोक्यावर ठेवूनच प्रोसेसर, कूलर आणि रॅम बसवा. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवा आणि नुसता ठेवा, तो आपल्या वजनानं बसतो. मग कॅबिनेटचे पितळी पाय मोजा: बोर्डाला जितकी भोकं, तितकेच पाय आणि त्याच जागी. एक पाय जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करू शकतो. माझ्या पहिल्या मशीनला मी हेच केलं होतं आणि दोन दिवस एसएमपीएसला शिव्या घातल्या.

बोर्डाला दोन तारा लागतात, चोवीस पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात आठ पिनांची. दुसरी सगळे विसरतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले नाही. भाच्याचंही तेच झालं. "मामा, बोर्ड डेड आहे," म्हणून चेहरा पाडून बसला होता. तार लावली, बायोस आला. तशीच दिसणारी ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची तार तिथे कोंबू नका. ती सहा-अधिक-दोन अशी फुटलेली असते, प्रोसेसरची चार-अधिक-चार.

पावसाळ्यात चांगलं चालणारं मशीन अचानक डिस्प्ले देईनासं झालं, तर दुकानात न्यायच्या आधी भिंतीतला प्लगच काढा, रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून साधा खोडरबर हलकेच फिरवा, भुगा झटका आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. दमटपणानं त्या पट्ट्यांवर थर धरतो. पुण्यातले निम्मे 'बोर्ड गेला' जुलै महिन्यात याच उपायानं परत येतात.

बिल बहुधा थर्मल कागदावर येतं, वर्षभरात कोरं होतं. त्याच दिवशी फोटो काढून मेलवर टाका. आणि रिकामी खोकी रद्दीवाल्याला देऊ नका. ताईला कितीही अडचण झाली तरी वॉरंटी संपेपर्यंत ती माळ्यावरच.